जमिनीतले कान

कानोसा कंपनीला पुन्हा एकदा पहिलं बक्षीस मिळालं, त्या दिवशी इंदुमतीकाकूंच्या खानावळीत हात धुवायला पाणी नव्हतं.

प्रणोती बिराजदार तिथंच बाकावर बसून भाकरी मोडत होती. फोनवर फोटो आला. हैदराबादच्या कुठल्याशा गारेगार सभागृहात तिचा मावसभाऊ ओजस निटुरे काचेचा चषक घेऊन उभा होता आणि त्याच्यापुढे निळ्या मखमलीवर सहा काळे डबे मांडले होते. खरं तर ते सहाही डबे या घडीला गावातल्या रस्त्यांखाली, पाण्याच्या पाइपाला घट्ट चिकटलेले असायला हवे होते. प्रणोतीनं स्वतःच्या हातांनी ते बसवले होते आणि गेल्याच आठवड्यात, स्वतःच्याच हातांनी, शिव्या घालत उपटून ओजसच्या बॅगेत भरले होते.

काकूंनी पिठलं वाढता वाढता फोनमध्ये डोकावून पाहिलं. "गावाला गेलंय व्हय तुझं यंत्र?" त्यांनी विचारलं. "येऊ दे की निवांत. आमी कुठं जाणार हाव? टँकर येतोच की दोन दिसाला."

त्या टोचून बोलत नव्हत्या, हाच खरा त्रास होता. टोचून बोलल्या असत्या तर प्रणोतीला चार शब्द उलटून बोलता आले असते. काकूंनी मनातून हा विषय कधीच सोडून दिला होता. यंत्र येतं, चार दिवस रस्त्यात खड्डे पडतात, मग यंत्र बक्षीस घ्यायला जातं आणि खड्डे तेवढे राहतात, असं त्यांचं एकंदर मत झालेलं होतं.

कासारवळण हे तालुक्याचं गाव. टेकडीवर टाकी, आणि टाकीतून निघालेली मुख्य लाइन साऱ्या गावातून फिरत शेवटी कुंभार गल्लीत संपते. पाणी आठवड्यातून एकदा, तेही दीड तास. कुंभार गल्लीपर्यंत पोचतं ते तांब्याभर. टाकीतून सोडलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्मं वाटेतच नाहीसं होतं आणि कुठं ते दिसत नाही, कारण इथली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. या ओढाताणीत पाइपांचे सांधे निसटतात, आणि निसटलेल्या सांध्यातलं पाणी त्याच भेगा पिऊन टाकतात. वर रस्ता कोरडा ठणठणीत.

गळती दिसत नसली तरी ऐकू येते, एवढ्या एका गोष्टीवर कानोसा कंपनी उभी होती. दाबाखालचं पाणी फटीतून बाहेर पडताना आवाज करतं आणि तो आवाज पाइपातून दोन्ही दिशांना पळतो. फटीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन कान बसवले, की जवळच्या कानाला तो आधी ऐकू येतो, लांबच्याला नंतर. हा फरक पापणी लवण्याहूनही कमी वेळाचा असतो. पण तो नीट मोजला तर फट कुठं आहे ते हातभर जागेत सांगता येतं. कागदावर हे सोपं आहे. पण कासारवळणची लाइन म्हणजे आजवरच्या साऱ्या नगराध्यक्षांनी लावलेली ठिगळं. मध्येच लोखंड, मध्येच प्लास्टिक, आणि आवाजाचा वेग प्रत्येकात वेगळा. शिवाय पाणी आलं रे आलं की निम्म्या घरांच्या मोटरी थेट नळाला लागतात. या गोंगाटातून गळती निवडून काढायची, तर प्रत्येक कानाला आधी आपला पाइप ओळखीचा व्हावा लागतो. लागोपाठ पाच-सहा पाणी-पाळ्या एकाच जागी ऐकल्या की मग त्यातल्या चिपला नेहमीचं काय आणि परकं काय ते कळू लागतं. कान उपटला की सगळं पहिल्यापासून. परत बसवताना बोटभर इकडेतिकडे झाला, तरीही पहिल्यापासून.

आणि हे कान दर महिन्याला कुठल्यातरी नवउद्योग स्पर्धेला जात होते.

ओजस वाईट नव्हता, हे प्रणोती रागाच्या भरातसुद्धा मान्य करायची. दोघं शकूमावशीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, घरात एकत्र वाढलेली. प्रणोतीनं यंत्रं उघडायची आणि ओजसनं ती कुणी उघडली याबद्दल मावशीला काहीतरी पटेल असं सांगायचं, ही वाटणी तेव्हापासूनची. तो बोलायला लागला की दगडालाही पाझर फुटे. मंचावर गेला की दिवे मंद करायला सांगायचा, सगळ्यांना डोळे मिटायला लावायचा, आणि माइक ओठांशी नेऊन हलकेच आवाज काढायचा, "स्स्स्स..." मग म्हणायचा, "हा आवाज या क्षणी तुमच्या पायाखाली चालू आहे." परीक्षक खरोखरच पाय उचलून घेत. टाळ्या थांबत नसत. बक्षीस म्हणून चषक मिळे, शाल मिळे, आणि बरंचसं मार्गदर्शन मिळे. शकूमावशीनं शोकेसमधले काचेचे ग्लास स्वयंपाकघरात हलवून चषकांना जागा केली होती. नवे चषक आता फ्रिजवर येऊ लागले होते.

नुसत्या चषकांचा प्रश्न असता तर प्रणोतीनं कान द्यायचं केव्हाच बंद केलं असतं. घोडं पेंड खात होतं ते 'पारख'पाशी.

पूर्वी स्पर्धेत तीन-चार जाणती माणसं चहा पीत गुण द्यायची. पुढे पुण्याच्या उद्यमसेतू प्रतिष्ठाननं आजवरच्या हजारो स्पर्धांची माहिती एकत्र केली. कोण काय बोललं, कसं बोललं, परीक्षकांनी काय विचारलं, आणि मुख्य म्हणजे स्पर्धेनंतर त्या कंपनीचं पुढे काय झालं. हे सगळं शिकून तयार झालेलं यंत्र म्हणजे पारख. नवी कंपनी पुढे आली की पारख तिची असंख्य संभाव्य भविष्यं चालवून बघते. एकात पैसेवाला मागे फिरतो, एकात भागीदार भांडतात, एकात मोठी ऑर्डर येते. शंभरातल्या किती भविष्यांत कंपनी तीन वर्षांनंतर जिवंत आहे, तो आकडा म्हणजे कंपनीचं आयुर्मान. आधी तो फक्त परीक्षकांना दिसायचा. मग बँकांना दिसू लागला, माल पुरवणाऱ्यांना दिसू लागला, आणि शेवटी सरकारनं आदेशच काढला की सत्तरच्या खाली आयुर्मान असलेल्या कंपनीला कुठल्याही नगरपरिषदेनं काम देऊ नये. मरणाऱ्या कंपनीच्या हाती गावाचं पाणी कशाला, असा त्यामागचा विचार. विचार म्हणून ठीकच होता.

हैदराबादनंतर कानोसाचं आयुर्मान शहात्तर झालं. ओजस कान घेऊन परतला तेव्हा पाणीपुरवठ्याच्या अभियंता मिसाळ मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं आणि नगरपरिषदेचा ठराव ऐकवला. वैशाख संपायच्या आत गळती सापडली नाही, तर कुंभार गल्लीची लाइन कायमची बंद. नुसती माती भिजवायला पाणी सोडायचं नाही. त्या गल्लीनं यापुढे टँकरवरच जगायचं. गळती सापडली, तर साऱ्या गावाचं काम कानोसाला देता येईल, मात्र आयुर्मान सत्तरच्या वर हवं.

कुंभार गल्लीत इंदुमतीकाकूंची खानावळ होती. टँकरवर खानावळ चालत नाही, ती रखडते. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या मुलांना वेळेवर ताट मिळेना, म्हणून निम्मी मुलं स्टँडजवळच्या मेसकडे गेलेली होती. लाइन बंद झाली तर काकू मुलाकडे लातूरला जाणार आणि त्याच्या दोन खोल्यांत कोपरा धरून बसणार, हे ठरल्यातच जमा होतं. कॉलेजपासून प्रणोती त्यांच्या हातचं जेवत आली होती.

"या वेळी कान हलणार नाहीत," प्रणोती म्हणाली. ओजसनं लगेच मान डोलावली, तिच्या हातातली पहार घेतली आणि दुपारभर खड्डे खणायला मदतही केली. संध्याकाळी त्याचे तळहात सोलवटले होते आणि तो त्यांचे फोटो काढत होता.

पहिली पाळी झाली, दुसरी झाली. कान पाइपाशी ओळख करून घेऊ लागले. प्रणोती रोज उन्हात एकेका व्हॉल्व्हपाशी जाऊन तारा तपासत होती, आणि इकडे आयुर्मान उतरत होतं. चौऱ्याहत्तर. एकोणसत्तर. एकसष्ट. काही बिघडलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं, यंत्र आधी कधी चाललं नव्हतं इतकं नीट चालत होतं. चिपवाल्यानं उधारीवर माल देणं थांबवलं. ओजसचा फोन आला की तो आजारी माणसाच्या नातेवाइकासारखा दबक्या आवाजात बोलायचा. शेवटी वैतागून प्रणोतीनं पारखलाच विचारलं की बाई, आमचं चुकतंय तरी काय? पारखनं अत्यंत गोड आवाजात उत्तर दिलं, "तुमच्या मार्गानं गेलेल्या बहुतेक कंपन्या बंद पडल्या आहेत. सर्वांत जवळचं उदाहरण: ऊब, तालुका बार्शी."

ऊब कशानं गेली ते तरी पाहावं, आणि बंद कंपनीकडे पाणी न शिरणारे डबे स्वस्तात मिळाले तर घ्यावेत, म्हणून प्रणोती एसटीनं बार्शीला गेली. गावाबाहेर पत्र्याची मोठी शेड होती. कुलूप असेल असं धरून ती गेली होती; दारात दोन टेम्पो भरत होते आणि आतून हजारो पिल्लांचा चिवचिवाट येत होता. शबनम मुलाणी ही ऊबची मालकीण. ती एका हातात अंडी उबवायची पेटी आणि दुसऱ्या हातात फोन धरून कुणालातरी झापत होती. अंड्यातल्या पिल्लाच्या काळजाचे ठोके कवचाबाहेरून प्रकाशानं मोजायचे आणि त्याप्रमाणे पेटीची ऊब कमीजास्त करायची, असं तिचं यंत्र. तीन जिल्ह्यांत पेट्या गेल्या होत्या.

प्रणोतीनं भीतभीत फोनवरची नोंद दाखवली. शबनमनं ती वाचली, आधी पोट धरून हसली, मग हळूहळू तिचा चेहरा बदलला.

"म्हणून बँकवाला तोंड वाकडं करतोय होय दोन वर्षं," ती म्हणाली. "अहो, पुण्यात दुसरं बक्षीस मिळालं आणि परत येतोय तोवर ऑर्डरी सुरू झाल्या. त्यानंतर आम्ही या शेडबाहेर पडलो असू तर शपथ. त्यांचे निरोप यायचे, या स्पर्धेला या, त्या मेळाव्याला या. अंडी फुटायच्या बेतात असताना कोण जातंय?"

तिच्या टेबलामागे भिंतीवर एक प्रशस्तिपत्र चौकटीत लावलेलं होतं. उद्यमसेतूच्या बोधचिन्हाखाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'ऊब, तुमचा प्रवास प्रेरणादायी होता.' प्रणोतीनं ते दोनदा वाचलं. कंपनी गेल्याचा तो शोकसंदेश होता, आणि मुलाणी कुटुंबानं तो सन्मान समजून हार घालून लावला होता. हे शबनमला सांगावं की नाही तिला कळेना. तिनं सांगितलं नाही. शबनमनं रिकाम्या काळ्या डब्यांची एक पिशवी तिला भेट म्हणून दिली आणि पिल्लांकडे परत गेली.

परतीच्या एसटीत प्रणोतीच्या डोक्यात सगळं जुळून आलं: कामात गुंतलेल्या ऊबला पारखनं मेलेली धरलं होतं. ती तशीच पुण्याला गेली.

पारखचे प्रमुख निरंजन पाटणकर तिच्याहून फार मोठे नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते मिठाची गुळणी धरून बसले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं, कारण त्यांनी सगळं कबूल केलं.

"स्पर्धा संपली की पुढे काय होतं ते पाहायला कुणीच जात नाही," ते म्हणाले. "आम्ही फोन करतो. मेलेली कंपनी फोन उचलत नाही आणि कामात बुडालेलीही उचलत नाही. आमच्याकडून दोघी सारख्याच दिसतात. मग एक खूण ठरवली. दीड वर्षात पुन्हा कुठल्यातरी मंचावर दिसली तर जिवंत, नाहीतर बंद."

म्हणजे पारख शिकली होती ते एवढंच. जी कंपनी मंचावर येत राहते ती जगते, जी कामाला लागते ती मरते. बँका आणि सरकार आता त्या शिकवणीवर चालत असल्यामुळे कामाला लागलेली कंपनी खरोखरच मरू लागली होती, आणि दरवर्षी पारखचं भाकीत जास्त जास्त अचूक ठरत होतं. प्रतिष्ठानच्या अहवालात त्या अचूकतेचा आलेख पहिल्याच पानावर होता.

हे दुरुस्त का करत नाही, असं तिनं विचारलं. पाटणकर म्हणाले, त्यासाठी गावोगाव माणसं पाठवून शेडा उघडून बघाव्या लागतील. शिवाय ज्या कंपन्यांना आम्ही यशस्वी म्हणून मिरवतो, त्यांचं काय निघेल तेही सांगता येत नाही. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही हीच कल्पना घेऊन आमच्या पुढच्या स्पर्धेत का उतरत नाही? पारदर्शकतेचा नवा गट सुरू केलाय." ते चेष्टा करताहेत का ते तिनं निरखून पाहिलं. ते मनापासून बोलत होते आणि तिच्या फोनवर अर्जाचा दुवा पाठवतही होते.

घरी आली तर ओजस बॅग भरून बसलेला. दिल्लीची अखिल भारतीय अंतिम फेरी होती आणि त्याला कान हवे होते.

प्रणोतीनं कपाळाला हात लावला. पाचवी पाळी झाली होती. जुन्या जिनिंग मिलच्या दोन्ही बाजूंचे कान गेल्या वेळेपासून काहीतरी परकं ऐकू लागले होते, पण त्यांचं एकमत होत नव्हतं. अजून एक पाळी हवी होती, वैशाखातली शेवटची, आणि ती नेमकी अंतिम फेरीच्याच दिवशी येत होती. तिनं हे सांगितलं. मग बार्शीचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं. एवढं ऐकल्यावर तो हादरेल अशी तिची समजूत होती.

"म्हणजे माझंच बरोबर आहे, ताई," ओजस म्हणाला. "पारखला मंचच कळतो ना? मग मंच देऊ की तिला. आपलं आयुर्मान आहे अठ्ठावन्न. तू गळती शोधशील आणि काम दुसऱ्याच कुणाला मिळेल. मग काय करशील?"

मूर्खपणाचा मुद्दा इतका बिनतोड असावा याचा तिला संताप आला.

"कान मिळणार नाहीत," ती म्हणाली.

"सहा वर्षं मी तुझ्यासाठी उभा राहतोय त्या लोकांपुढं." त्याचा आवाज पहिल्यांदाच मंचावरचा वाटला नाही. "तू जमिनीला कान लावून बसतेस. पण लोकांना तोंड लागतं, ताई. ते मी होतो. दरवेळी आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या, ते कधी विचारलंस?"

तिनं खरंच कधी विचारलं नव्हतं. शकूमावशी चहाचे कप घेऊन दारात थबकली आणि तशीच मागे फिरली. प्रणोतीला रडू येत होतं आणि तेही तिला नको होतं. त्या भरात तिनं शबनमनं दिलेली पिशवी त्याच्यापुढे पालथी केली. कानांसारखेच दिसणारे काळे डबे फरशीवर गडगडले.

"हे ने," ती म्हणाली. "आत काही नाहीये. मंचावर कोण उघडून बघतंय?"

हे तिनं त्याला लागावं म्हणून म्हटलं होतं. ओजसनं एक डबा उचलला, हातात तोलला, उलटसुलट करून पाहिला. "वजन कमी वाटेल गं," तो विचार करत म्हणाला आणि आईला हाक मारून घरात हरभरे आहेत का ते विचारू लागला. मावशीनं हरभरे दिले. ते खुळखुळू नयेत म्हणून फडक्यात बांधावे लागले, आणि सहाही पुरचुंड्यांच्या गाठी शेवटी प्रणोतीनंच मारल्या, कारण त्याला गाठ नीट येत नव्हती. त्या गाठी मारताना तिला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी त्याची वाटली नाही.

पाळीच्या दिवशी दुपारी व्हॉल्व्ह उघडला. जिनिंग मिलच्या भिंतीच्या सावलीत प्रणोती लॅपटॉप घेऊन बसली होती, शेजारी मिसाळ मॅडम छत्री धरून उभ्या. पडद्यावर दोन्ही कानांच्या रेषा बराच वेळ वेड्यावाकड्या नाचत राहिल्या. मग मोटरींचा आवाज वजा झाला, बाजारातल्या ट्रकांचा झाला, आणि तळाशी एक जाड, संथ लय उरली. दोन्ही रेषांत तीच, फक्त एकीत किंचित उशिरा. प्रणोतीनं अंतर काढलं, उठली, आणि मिलच्या फाटकासमोर डांबरावर खडूनं फुली मारली.

दुसऱ्या दिवशी तिथं खणलं. सांधा पार निसटला होता आणि रस्त्याच्या खाली पाण्यानं बैलगाडी मावेल एवढी पोकळी कोरली होती. मिसाळ मॅडम काठावर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

आदल्या दिवशी डांबरावर फुली मारली त्या संध्याकाळी पारखवर कानोसाचं आयुर्मान पंचावन्न होतं. तासाभरानं ते चौऱ्याण्णव झालं. दिल्लीत ओजसनं पहिलं बक्षीस घेतलं होतं. हरभऱ्याचे डबे हातात घेऊन एका परीक्षकानं म्हटलं होतं, केवढं भरीव काम आहे.

सांधा बसला, रस्ता बुजला आणि चार दिवसांत साऱ्या गावाचा कार्यादेश निघाला. मिसाळ मॅडम तो घेऊन स्वतः आल्या. आयुर्मानाच्या रकान्यात चौऱ्याण्णव लिहिलेलं होतं. "गळती सापडली हे लिहायला जागाच नाही हो यात," त्या ओशाळून म्हणाल्या. प्रणोतीनं सही केली. आनंद व्हायला हवा होता, आणि कुठंतरी खोल झालाही असेल. पण वर आला तो फक्त वैताग. खऱ्या कानांनी मिळवलेलं पोकळ डब्यांच्या नावावर पडलं होतं, आणि तक्रार करावी तर ती कुणाविरुद्ध?

पुढच्या पाळीला कुंभार गल्लीत नळ आधी नुसताच खोकला. मग लाल पाणी आलं, मग स्वच्छ. इंदुमतीकाकूंनी घागरी, पातेली, पिंप, सगळं भरून घेतलं. मग नळाखाली हात धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या हात धूत राहिल्या. पदराला हात पुसत त्यांनी प्रणोतीला विचारलं, "आता न्हाई ना जायचं ते कुठं?"

प्रणोती नाही म्हणाली आणि खानावळीसमोरच्या खड्ड्यात उतरली. एक मोठी गळती बंद झाली की लाइनमधला दाब वाढतो आणि आजवर गप्प बसलेल्या बारीक फटी बोलू लागतात. शेवटच्या कानानं तसं काहीतरी पकडलं होतं. तिनं हेडफोन लावला.

ओजस तिथंच आला, दिल्लीतले सत्कार उरकून स्टेशनवरून थेट, चकचकीत बुटांत, काखेत चषक. त्यानं काकूंना नमस्कार केला, वाहता नळ पाहिला, आणि काही सुचेना म्हणून खड्ड्याच्या काठावर बसला. "सापडली म्हणे," तो म्हणाला. तिनं मान हलवली. मग एकदम तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत पाणी सुटलेलं असताना हा कधी खड्ड्यापाशी आलाच नव्हता. पाळीच्या दिवशी तो नेहमी कुठंतरी मंचावर नाहीतर मंचाच्या तयारीत असे. तिनं हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर बसवला.

ओजसनं डोळे मिटले, हजारो लोकांना मिटायला लावले होते तसे. हेडफोन त्यानं दोन्ही हातांनी कानांशी दाबून धरला.

"हा स्स् नाहीये," तो म्हणाला.

"नाहीच. प्लास्टिकच्या पाइपात बारीक आवाज लगेच विरतो. लांब पोचतो तो जाडा."

"घशातल्या घशात कुणीतरी बोलल्यासारखं वाटतंय." त्यानं डोळे उघडले. ते ओले होते. "सहा वर्षं मी चुकीचा आवाज काढतोय, ताई. सांगितलं का नाहीस?"

"तू इथं आलास कधी?"

चषक मातीत कलंडला होता, त्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. त्याचा चेहरा, लहानपणी तिनं पहिल्यांदा रेडिओ उघडून दाखवला होता तेव्हासारखा झाला होता, आणि प्रणोतीचा इतक्या वर्षांचा राग आपोआप सैल पडू लागला. आता हा उतरेल खाली, तिला वाटलं. बूट काढेल आणि खाली उतरेल. तिनं त्याला जागा करून देण्यासाठी पहार बाजूला सरकवली.

"ताई," ओजस म्हणाला, "हा आवाज मंचावर लावला पाहिजे. पूर्ण अंधार करायचा आणि हा खरा आवाज सोडायचा. माणसं वेडी होतील गं. पुढच्या महिन्यात सिंगापूर आहे. सगळे नकोत मला. दोनच कान दे, फक्त दोन."

प्रणोतीनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं त्याच्या डोक्यावरचा हेडफोन अलगद काढून घेतला आणि आपल्या कानांवर बसवला. ओजसचे ओठ हलत होते, हात हवेत मंच उभारत होते. तिनं आवाज थोडा वाढवला आणि पाइपाचं बोलणं ऐकू लागली.